कागलचा गुणा

टीव्हीवर पुन्हा ‘नटरंग’ लागला. मूळ कादंबरीचे लेखक आनंद यादव कागलचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यामुळे २०१० साली सिनेमा आला तेव्हा गारगोटीत जो तो परीक्षक. ‘अतुल कुलकर्णी? ह्यो कसला पैलवान?’ मामांचा सवाल. तालमीत वाढलेला माणूस आधी मान आणि फुटलेले कान बघतो! पैलवान गुणासाठी अतुलनं अंग कमावलं, मग तमाशातल्या नाच्यासाठी उतरवलंही. मामा अंगावरच अडले. मला तो पटला नाच्या झाल्यावर.

‘दुनियादारी’ची (२०१३) तऱ्हा वेगळी. मूळ कादंबरीचे लेखक सुहास शिरवळकर कोळून प्यायलेल्या धाकट्या भावाला स्वप्नील जोशीचा श्रेयस कॉलेजातला वाटेचना. थेटरातून बाहेर पडल्यापासून कुरकुर, ती आजतागायत. अंकुश चौधरीच्या दिग्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. वर त्याच्यासारखी दाढी राखून हिंडला पठ्ठ्या.