अँटवर्पचे जिनालय आणि उत्तर समुद्राचा किनारा : बेल्जियम प्रवासाची पूर्वतयारी

सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ, पालिताणा या यात्रा आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. अलीकडे नांदेड-लातूरच्या व्यापारी कुटुंबांतून युरोपचाही बेत होऊ लागला आहे. हा बेत बहुधा पॅरिस आणि स्वित्झर्लंड यांभोवती फिरतो. वाटेवरचा बेल्जियम मात्र सुटून जातो. साधर्मिक कुटुंबांनी तो आवर्जून पाहावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ निसर्गशोभा नव्हे.

बेल्जियमचे क्षेत्रफळ आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उत्तर समुद्राचा त्याचा किनारा अवघा ६७ किलोमीटरच्या आसपास. फ्रान्सच्या सीमेजवळील दे पान्नपासून नेदरलँड्सच्या सीमेजवळील क्नोके-हाइस्टपर्यंत किनाऱ्याला लागून ट्राम धावते. तिच्या खिडकीतून एका देशाचा जवळजवळ सारा समुद्रकिनारा अडीच तासांत पाहून होतो. चालण्याचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना याहून सुखाचा प्रवास नाही.

आपल्याला जवळचे वाटणारे शहर म्हणजे शेल्ड नदीवरील अँटवर्प. हिऱ्यांच्या व्यापारासाठी ते शतकानुशतके प्रसिद्ध आहे. १९०५ साली खुल्या झालेल्या तेथील भव्य मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला लागूनच हिरेबाजाराच्या गल्ल्या आहेत. एकेकाळी हा व्यापार प्रामुख्याने ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. १९६०च्या दशकापासून गुजरातेतील पालनपूरचे जैन व्यापारी तेथे जाऊ लागले. इतरांना किफायतशीर न वाटणारे लहान हिरे त्यांनी हाती घेतले, ते भारतात पैलू पाडण्यासाठी पाठवले, आणि थोड्या नफ्यावर मोठी उलाढाल करीत त्या बाजारात मानाचे स्थान मिळवले. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत दुकान चालवणाऱ्यास हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

याच मंडळींनी शहराच्या दक्षिणेकडील विल्रिक उपनगरात शुभ्र संगमरवराचे जिनालय उभारले. मूलनायक भगवान पार्श्वनाथ आहेत. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांपुढे हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना इतक्या दूरच्या थंड प्रदेशात तेच नाम ऐकू यावे, याचे समाधान शब्दांत मांडता येत नाही. दर्शनाची वेळ आधी विचारून घ्यावी.

जाण्याचे मार्ग

भारतातून ब्रुसेल्सला जाताना बहुधा एके ठिकाणी विमान बदलावे लागते. मुंबईहून दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे जाता येते. दुसरा पर्याय अ‍ॅमस्टरडॅमला उतरून रेल्वेने अँटवर्प गाठण्याचा. ब्रुसेल्स विमानतळावरून अँटवर्प रेल्वेने पाऊण तासाच्या आत येते. नांदेड-लातूरकरांनी मुंबईइतकाच हैदराबादचा विचार करावा. रस्त्याने अंतर पुष्कळ कमी आहे आणि तेथून फ्रँकफुर्टला थेट विमान आहे. मात्र फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास प्रवेशाची तपासणी बेल्जियमला नव्हे, तर जर्मनीतच होते. म्हणून हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाची कागदपत्रे हातातील पिशवीतच असावीत.

प्रवेशाचे नियम

बेल्जियम शेंगेन करारातील देश आहे. या करारात आज २९ देश असून एका व्हिसावर सर्वत्र फिरता येते. ब्रिटन त्यात नाही, हे तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा. मुक्काम सारखेच असतील, तर जेथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत, आधीच्या आजारांना संरक्षण आहे की नाही हे विम्याच्या अटींत नीट वाचावे. जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क प्रौढांस ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ४५ युरो आहे. त्याहून लहानांस ते माफ आहे. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. बारा वर्षांवरील प्रत्येकास बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयास साधारणपणे पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याच्या जागी संगणकीय नोंद ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे मुक्कामाचा एकही दिवस जास्त झाल्यास तो लपत नाही.

पैशाचे कागद आणि सत्याणुव्रत

बँकेत आयुष्य गेल्याने या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हॉटेलात राहणाऱ्या प्रत्येकामागे दिवसाला ९५ युरो, आणि आप्तांकडे राहणाऱ्यामागे ४५ युरो, असा बेल्जियमचा मापदंड आहे. चौघांच्या दहा दिवसांच्या हॉटेल मुक्कामाचे ३,८०० युरो होतात. तेथील आप्त खर्चाची जबाबदारी घेत असतील, तर त्यांनी आपल्या नगरपालिकेत प्रमाणित करून घेतलेले हमीपत्र पाठवावे लागते.

व्यापारी कुटुंबांची अडचण बहुधा पैशाची नसते, कागदांची असते. उलाढाल पेढीच्या चालू खात्यात होते, घरातील स्त्रियांच्या व वृद्धांच्या बचत खात्यात फारसे काही नसते. अशा वेळी खर्च कोण करणार ते पत्रात स्पष्ट लिहावे. भागीदारीपत्र, जीएसटी नोंदणी, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि नाते सिद्ध करणारा दाखला सोबत जोडावा. कोणाच्या पासपोर्टवर आडनाव 'जैन' आणि बँकेत कुलनाम असते. ही तफावत अर्जाच्या कितीतरी आधी दुरुस्त करून घ्यावी.

दुर्दैवाने काही दलाल सोपी वाट सुचवतात. चार दिवसांसाठी उसनी रक्कम खात्यात भरून शिल्लक दाखवावी, बनावट आरक्षण जोडावे, असा त्यांचा सल्ला असतो. अचानक जमा झालेली मोठी रक्कम तपासनिसाच्या नजरेस प्रथम येते. खोटा कागद उघडकीस आला, तर नकाराची नोंद पाच वर्षे राहते आणि ती सर्व शेंगेन देशांना दिसते. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. प्रतिक्रमणात आपण मृषावादाची क्षमा मागतो, आणि अर्जाखाली "वरील माहिती सत्य आहे" अशी सही करतो. त्या दोन्ही वाक्यांचा बोलणारा एकच असावा. खात्यात आज पुरेसे नसेल तर प्रवास वर्षभर पुढे ढकलावा, किंवा दिवस कमी करावेत. त्यात काहीही कमीपणा नाही.

आहार आणि व्रतनियम

युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावे. कोरडे खाकरे, भाजलेले पोहे, मुरमुरे चालतात. विमानात जैन भोजन आधी नोंदवावे. बेल्जियमचे तळलेले बटाटे परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात. म्हणून कंदमुळे वर्ज्य न मानणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय खाऊ नयेत. वाफलमध्ये अंडे असते. काही चॉकलेटांत मद्य आणि काही चीजमध्ये प्राणिज रेनेट असते.

चौविहार करणाऱ्यांनी सूर्य पाहून महिना निवडावा. अँटवर्पला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आधीच. युरोपचा भर हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि तो आपल्या चातुर्मासाचा काळ. म्हणून मेचा मध्य ते जूनचा आरंभ हा काळ सर्वांत सोयीचा. मुलांना सुट्टी असते, हवा सुखद असते आणि सायंभोजनास पुरेसा प्रकाश मिळतो. त्यासाठी पासपोर्टची तपासणी दिवाळीनंतर आणि अर्ज फेब्रुवारीच्या सुमारास व्हावा.

घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे साथ देत आहेत तोवरच हा प्रवास त्यांच्यासह करावा. मुले पुढे आपल्या बळावर जातीलच. परंतु समुद्रापलीकडच्या जिनालयात आजी-आजोबांबरोबर म्हटलेला णमोकार मंत्र त्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहील. जय जिनेंद्र.