लंगोट आणि गदा

आपल्याकडचा माणूस शेजाऱ्याचे पुष्कळ काही सहन करतो. शेजाऱ्याने कर्ज काढले तर हळहळतो, शेजाऱ्याला बढती मिळाली तर पेढे खातो. पण तोच शेजारी पहाटे पाच वाजता अंगाला घट्ट बसणारे रंगीबेरंगी कपडे चढवून सायकलवर बसला, की त्याचा संयम सुटतो. सायकलबद्दल त्याची तक्रार नसते. सायकल म्हणजे व्यायाम, व्यायाम म्हणजे सद्गुण. तक्रार असते ती कपड्यांबद्दल. "सायकलच चालवायची ना? मग हे सोंग कशाला?"

आमच्या नांदेडात असे सोंग घेणारे आता बरेच झाले आहेत. डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतले लोक आहेत, कापड दुकानाचे मालकही आहेत. कोणी विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जाऊन येतो, कोणी अर्धापूरच्या केळीच्या बागांपर्यंत, तर कोणी लोह्याच्या रस्त्याला लागतो. लातुरातही औसा रस्त्यावर हेच दृश्य दिसते. मीही त्यांच्यातलाच एक. त्यामुळे हौशी सायकलस्वाराने शर्यतीतल्या धंदेवाईक स्वारासारखा पोशाख करावा की नाही, हा वाद मी दोन्ही कानांनी ऐकलेला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की तो पोशाख ज्यांनी घाट मारले त्यांचा. सुटलेल्या पोटावर तो शोभत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की माझे पोट, माझे पैसे, तुम्हाला काय त्याचे? मला वाटते, दोन्ही बाजू एकाच गाठोड्यात तीन निरनिराळ्या वस्तू बांधून भांडत आहेत. कपड्याचे कापड ही एक वस्तू, त्यावरचे नाव ही दुसरी आणि त्याचा मान ही तिसरी. गाठोडे सोडून एकेक वस्तू पाहिली पाहिजे.

आधी कापड. सायकलसाठी निराळा पोशाख ही काही आजची टूम नव्हे. जुन्या पिढीतले कारकून कचेरीत जाताना विजारीच्या उजव्या पायाला लोखंडी क्लिप लावत. क्लिप नसली तर सुतळी बांधत. धोतरवाले गृहस्थ सोगा खोचून, काचा आवळूनच सायकलवर पाय टाकत. साखळीत कापड सापडले म्हणजे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. त्या क्लिपला कोणी सोंग म्हटले नाही. सध्याचा पोशाख म्हणजे त्या क्लिपचाच वाढलेला वंश आहे. चड्डी घट्ट असते, कारण सैल कापड मांडीला घासून सोलवटते. बैठकीच्या जागी गादी असते. ती पूर्वी शॅम्वा नावाच्या डोंगरी जनावराच्या मऊ कातड्याची असे, आता कृत्रिम कापडाची असते. सदऱ्याला खिसे पाठीमागे असतात, कारण पुढे वाकलेल्या माणसाच्या पुढच्या खिशातून किल्ल्या रस्त्यावर पडतात. सदरा मागून लांब असतो, तोही वाकल्यावर कंबर उघडी पडू नये म्हणून.

"पण हे सारे शर्यतवाल्यांसाठी," असे कोणी म्हणेल. त्यातला घट्टपणा बऱ्याच अंशी त्यांच्यासाठी, हे खरे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्याला फडफडणारा सदरा महाग पडतो. ताशी अठराने जाणाऱ्या माझ्यासारख्याला वारा इतका मनावर घेत नाही. पण बैठकीची गोष्ट उलटी आहे. नांदेडहून लातूर सुमारे 140 किलोमीटर. धंदेवाईक स्वार हे अंतर साडेतीन तासांत कापील. मला चहापाणी धरून नऊ तास लागतात. मग गादीची गरज कोणाला अधिक? चपळ माणूस खोगिरावर थोडा वेळ बसतो. मंद माणूस दिवसभर बसतो. शर्यतवाल्याच्या पोशाखातला सर्वांत उपयोगी भाग खरे तर सुटलेल्या पोटासाठीच आहे!

सुताच्या बाबतीत मात्र मला थोडे वाईट वाटते. ज्या नांदेडच्या संशोधन केंद्राने 1980च्या दशकात देशाला 'नांदेड-44' हा संकरित कापूस दिला, त्या गावच्या माणसाने कृत्रिम धाग्याचे गुणगान करावे, हे बरे दिसत नाही. पण सुती सदरा घाम पितो आणि पिऊन तसाच बसतो. पहाटेच्या गारव्यात ओला सदरा पाठीला चिकटला, की गावाभिमान क्षणभर बाजूला ठेवावा लागतो.

हे सारे हिशेब घरी बसून पटतात. रस्त्यावर हिशेब चालत नाहीत, नजर चालते. आमच्या गटात एक निवृत्त गृहस्थ होते. साठी उलटलेली, रक्तात साखर. डॉक्टरांनी 'हालचाल करा' म्हणून सांगितले, तेव्हा ते सायकलवर बसले आणि हळूहळू रमले. एका रविवारी लोह्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो. बाकावरचा कोणी तरी मोठ्याने म्हणाला, "कोणत्या गावाला सर्कस लागलीय हो?" सारे हसले. आम्हीही हसलो. ते गृहस्थही हसले. पण पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. घरी जाऊन विचारले तर म्हणाले, "गुडघा दुखतो." गुडघा दुखत नव्हता, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही. पुढे चार महिन्यांनी ते परत आले, पण त्या चार महिन्यांत रक्तातली साखर वाढून औषधाची एक गोळी वाढली होती. एका विनोदाची किंमत म्हणून मला ती फार वाटते.

हॉटेलात कपड्यांवरून पाणउतारा होणे, हे केवळ आमच्या मुलखाचे वैशिष्ट्य नाही. इंग्लंडात 1898 साली लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ओकम गावी पोहोचल्या. अंगावर झग्याऐवजी सायकलला सोयीची ढगळ विजार होती. तेथल्या 'हॉटबॉय' या हॉटेलच्या मालकिणीने त्यांना सभ्य स्त्रियांच्या दालनात बसू दिले नाही. दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसायला सांगितले. सायकलस्वारांच्या संस्थेने 1899 साली खटला भरला आणि हरली. खटला हरला, पण विजार जिंकली. त्या घेरदार झग्यांत सायकल चालवणारी बाई आज इंग्लंडात शोधून सापडायची नाही.

आपल्याकडे ही लढाई अजून चालू आहे. आमच्या गटातल्या एक शिक्षिकाबाई पहिले काही दिवस ओढणी सांभाळत सायकल चालवत. एकदा ओढणी चाकात गेली. सुदैवाने चढ होता, वेग नव्हता. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी ओढणी सोडली आणि सायकलचा सदरा घातला. तेव्हा गल्लीत जी कुजबुज झाली ती ओढणी चाकात गेली तेव्हा झाली नव्हती. आणि मौज अशी, की याच जिल्ह्यांतल्या खेड्यांत रोज सकाळी मुलींचे थवेच्या थवे मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून शाळेला निघतात. सगळ्यांचा पोशाख एक. संघाचा गणवेश म्हणायचा तर याहून मोठा संघ कोणता? त्यांना कोणी हसत नाही, कारण डोळ्यांना ते दृश्य सरावले आहे. म्हणजे दोष कपड्यात नसतो, सवयीत असतो. आणि सवय लागायची तर कोणी तरी आधी ते कपडे घालून रस्त्यावर आले पाहिजे.

आता दुसरी वस्तू: नाव. शर्यतीतल्या संघांच्या छातीवर पूर्वी सायकली करणाऱ्या कारखान्यांची नावे असत. 1954 साली इटलीच्या फियोरेंझो माग्नीने निव्हिया क्रीमवाल्यांचा पैसा आणला आणि मग वाटेल त्या मालाची दारे उघडली. एडी मर्क्ससारखा अजोड स्वार 1971 ते 1976 ही वर्षे मोल्तेनी नावाच्या मांसाच्या सॉसेजवाल्यांसाठी धावला. त्याच्या नारिंगी सदऱ्याच्या नकला अजून विकल्या जातात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारा आमचा एखादा सायकलस्वार तो सदरा हौसेने घालील आणि छातीवर सॉसेज मिरवील!

पण यातही मला पाप दिसत नाही. बालगंधर्वांच्या पातळांची आणि केशरचनेची नक्कल एके काळी घरोघर झाली. त्या बायकांना कोणी "आता पद म्हणून दाखवा" असे म्हटले नाही. क्रिकेटपटूच्या नावाचा निळा सदरा घातलेल्या पोराला कोणी शतकाचा हिशेब विचारत नाही. आवडत्या माणसासारखे दिसावेसे वाटणे, ही प्रीतीचीच एक रीत आहे.

तरी या नावांच्या प्रकरणाचा उत्तम निकाल मी ऐकला तो माझ्या सासुरवाडीला, लातूरला. गेल्या भाऊबीजेला सौभाग्यवती एस.टी.ने पुढे गेल्या आणि मी, बँकेतल्या एका मित्राला बरोबर घेऊन, लोहा-अहमदपूर-चाकूर असा सायकलने पोहोचलो. गंजगोलाईजवळच्या वाड्याच्या दारात सासूबाई ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या. आमचा अवतार पाहून त्या तशाच आत गेल्या आणि मामंजींची दोन धोतरे घेऊन आल्या. "जावईबापू, आधी हे गुंडाळा. ओवाळायचं मग बघू!"

मामंजींनी मात्र चष्मा लावून पोशाखाची रीतसर तपासणी केली. जन्म आडत दुकानात गेलेला. मालाची पारख पक्की. पाठीमागचे खिसे त्यांना पसंत पडले. मग मित्राच्या छातीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे कोण साहेब?"

"बेल्जमची कंपनी आहे, काका. घरातल्या जमिनीच्या फळ्या करते."

"तुम्हाला काय देते?"

"देत काही नाही. मीच पैसे देऊन घेतला."

"म्हणजे माल त्यांचा, छाती तुमची आणि पैसेही तुमचेच?" मामंजी म्हणाले. "असा उलटा व्यवहार करणारा गडी आमच्या आडतीवर एक जरी मिळाला असता तर आज माझे तीन मजले असते! अहो, लिहायचंच तर गावाचं नाव लिहा. पुढं नांदेड, मागं लातूर. येणाऱ्याला कळेल कुठून आलात, मागच्याला कळेल कुठं चाललात."

यावर मला काही भर घालता येण्यासारखी नाही.

राहिली तिसरी वस्तू, मान. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत 1903 साली 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राने सुरू केली. ते पिवळ्या कागदावर छापले जाई. 1919 पासून शर्यतीत एकूण वेळेत पुढे असणाऱ्याला पिवळा सदरा मिळू लागला. जगज्जेत्याचा इंद्रधनुषी पट्ट्यांचा पांढरा सदरा 1927 पासूनचा. हे सदरे म्हणजे कपडे नव्हेत, निकाल आहेत. जगज्जेत्यालासुद्धा विजेतेपद गेले की तो सदरा उतरवावा लागतो. मग बाहीच्या कडेवर तेवढे पट्टे उरतात. बाजारात हे सदरेही मिळतात. ते मात्र आपण घेऊ नयेत, असे मला वाटते.

हा भेद लातूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्याच मातीतले हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. तालमीत लंगोट कोणीही कसावा. काल आलेल्या पोरानेही तोच कसायचा आणि बिराजदारांनीही तोच. "तू मल्ल नाहीस, तू पायजम्यावर कुस्ती खेळ," असे कोणी वस्ताद म्हणत नाही. पण चांदीची गदा खांद्यावर घेण्याचा अधिकार मैदान मारणाऱ्याचा. लंगोट कष्टाचा, गदा विजयाची. गादीची चड्डी आणि पाठीला खिसे असलेला सदरा हा सायकलवाल्याचा लंगोट आहे. पिवळा सदरा ही गदा आहे.

नांदेडने मला याच्या पुढचे शिकवले. सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात निळ्या वेशातले निहंग दिसतात. त्यांच्याकडे बाणा म्हणजे अंगावरचा पोशाख. आपण मराठीत बाणा म्हणतो तो अधिक करून स्वभावातला. त्यांच्या व्रताशी आमच्या रविवारच्या फेरीची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण दोन अर्थांचा हा एक शब्द मला पुष्कळ वेळा आठवतो. रात्री खुर्चीवर काढून ठेवलेला सायकलचा सदरा पहाटे अंगात घातला की पुन्हा अंथरुणात शिरता येत नाही. अंगावरचा बाणा स्वभावातल्या बाण्याला उठवतो. स्वभावाने आळशी असलेल्या माणसाला एवढी मदत घेण्याची मुभा असावी.

आता दिवाळी झाली की उसाचे गाळप रंगात येईल. नांदेड-लातूर रस्त्यावर, म्हणजे त्या 361 क्रमांकाच्या महामार्गावर, उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पहाटेच्या धुक्यातून येतील. अशा वेळी खाकी विजार आणि मातकट सदरा घातलेला सभ्य सायकलस्वार रस्त्याच्या कडेला मिसळून जातो. त्या ट्रॅक्टरवाल्याला आमच्या छातीवर कोणाचे नाव आहे ते वाचता येत नाही. आमची पोटेही त्याला दिसत नाहीत. त्याला फक्त एक भडक रंग दिसतो आणि तो चाक थोडे बाजूला घेतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. दिसलो म्हणूनच हसतात!