पोलादाचा पीळ

स्प्रिंग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तारेचें वेटोळें तरी येतें, नाहीं तर टांग्याखालची पट्ट्यांची कमान. सरळ सोट पोलादी दांडी हीहि स्प्रिंगच असूं शकते, हें श्टुटगार्टला मुलीकडे राहावयास गेलों नसतों तर मला कळलेंहि नसतें. तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांपाशीं १९६३ सालची फोक्सवागन बीटल आहे. ती मागें डावीकडे कलली होती. तो कल काढण्याच्या कामांत हत्यारें हातीं देण्याचें पद मला मिळालें.

या गाडीच्या प्रत्येक मागल्या चाकासाठीं एक दांडी आडव्या नळींत बसविलेली असते. तिचें आंतलें टोंक सांगाड्यांत घट्ट रोवलेलें, बाहेरलें एका लांब पोलादी पट्टींत. चाक वर उचललें कीं पट्टी फिरते व दांडीला पीळ बसतो. त्या पिळाच्या जोरावर गाडी तोललेली असते. फेर्डिनांड पोर्श यांनीं या योजनेचें पेटंट १९३१ सालीं मागितलें. दांडी एक दशांशानें जाड केली तर तिचा ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो!

सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं म्हणतात. पोलादाचें तसें नाहीं. साठ वर्षें एकाच दिशेनें भार वाहिल्यावर त्याचा पीळ थोडका उतरतो. म्हणूनच डावी दांडी उजवीकडे घालावयाची नसते. डावी बाजूच कां खचली, असें मीं विचारलें. “तिकडे चालक बसतो,” ते म्हणाले. पत्नी वारल्यापासून उजवी बैठक रिकामीच असते, एवढें बोलून ते पुन्हां पान्यांकडे वळले.

चाक निघालें, शॉक अब्सॉर्बर सुटला, आंस पट्टीपासून मोकळा केला. पट्टी खालच्या आधारावर टेकते तेव्हांहि दांडींत पीळ शिल्लक असतो. पहारीनें ती सोडवितांना कोणीं समोर उभें राहूं नये. ती खालीं लोंबली. आतां खरी मोजणी. जमीन समपातळींत असेलच असें नाहीं, म्हणून दाराच्या उंबरठ्याचा कोन आधीं घेऊन वजा करावयाचा. पुस्तकाप्रमाणें साडेसतरा अंश हवे. उजवीकडे तेवढे भरले, डावीकडे १५ अंश ५० कला.

दांडीच्या आंतल्या टोंकाला ४० दाते, बाहेरच्या टोंकाला ४४. आंत एक दाता सरकविला कीं ९ अंशांचा फरक; बाहेर एक सरकविला कीं सुमारें ८ अंश ११ कलांचा, म्हणजे चाकापाशीं दोन इंचांहून अधिक. दोन्ही उड्या मोठ्या. पण आंत एक पुढें व बाहेर एक मागें घेतला कीं उरतात अवघ्या ४९ कला, चाकापाशीं सुमारें पाव इंच. दोन ढोबळ मापांच्या वजाबाकींतून सूक्ष्म माप काढणारा हा कारागीर मला आपल्या पंचांगकर्त्यांच्या जातीचा वाटला. आम्हांला हव्या होत्या १०० कला. दोन घरांत ९८ मिळाल्या.

हें चाललें असतां नातू आला. गाडी पुढें त्याचीच व्हावयाची. त्याला ती बाहेरचा एक दाता सरकवून जमिनीलगत हवी होती. तशी फॅशन आहे म्हणे. आजोबा म्हणाले, “तुझी होईल तेव्हां तूं दाते मोज.” मी आजोबांच्या पक्षाचा. मागला भाग फार उतरविला तर या गाडीचीं चाकें माथ्याकडे आंत झुकतात आणि खड्ड्यांत वर जाण्यास जागा उरत नाहीं. फार उंचावला तर त्याहून वाईट. जोराच्या वळणावर चाक पोटाखालीं दुमडूं पाहतें. पुस्तकांतला कोन हा म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. नातू कांहीं बोलला नाहीं, पण मडगार्ड धरून उभा राहिला, दांडी तेवढ्यानेंच बाहेर येऊं शकली.

रबरी बुशांना तेल लावावयाचें नसतें. लहान मुलांच्या अंगाला लावतात तसली टाल्क पावडर लावून तीं बसविलीं. दात्यांना मात्र ग्रीस. उंची लगेच मोजून उपयोग नसतो, गाडी थोडी चालून जागेवर बसावी लागते. म्हणून नातवाला उजव्या बैठकीवर बसवून ते तिला फिरवून आणावयास निघाले, आणि मीं हत्यारें पुसावयास घेतलीं.