दुसरे कोची

"बाबा, आईला घेऊन ओसाकाला या. इथून आपण कोचीला जाऊ," असे मुलाने फोनवर सांगितले, तेव्हा मी चक्रावलोच. जपानला जायचे आणि तिथून परत केरळात? पण मंडळी, जपानातही एक कोची आहे! शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून बसलेले. तिथे १९०४ सालापासून ट्राम धावते. किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर दर रविवारी बाजार भरतो, तो तीनशे वर्षांहून जुना. त्या बाजारातले आल्याचे ढीग पाहून आमच्या सौभाग्यवतीला सातारा आठवला आणि तिने भावही विचारला. भाव ऐकून मात्र गप्प झाली.

पण मुलाने आम्हाला बाजारासाठी नेलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी ही न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडले. हाड सांधले, धास्ती तशीच राहिली. पुण्यात आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी देऊळ सुटले, मग भिशी, मग भाजी. पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळे पाय मग खरोखरच दगा देतात. डॉक्टरांनी हे दहादा समजावले. ही मान डोलवी आणि खुर्चीतच बसे.

मुलाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची आजी कोचीत राहते. वय ८८. ती आम्हाला मोहल्ल्याच्या सभागृहात घेऊन गेली. दाराशी जोडे काढले. आत वीसेक खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, आणि त्यांवर सगळी पांढरी डोकी. कसरतीचे नाव 'इकिइकि ह्याकुसाइ ताइसो', म्हणजे उत्साही शंभरीची कसरत. कोची शहराने ती २००२ साली सुरू केली. मनगटाला आणि घोट्याला पट्टा बांधायचा. पट्ट्याला छोटे कप्पे असतात, त्यांत वजनाच्या कांड्या सरकवायच्या. दहाही भरल्या की २.२ किलो होतात. नवशिक्याने रिकाम्या पट्ट्यानेही सुरुवात करावी, कोणी हसत नाही. मग चित्रफितीबरोबर हात वर, पाय पुढे, आणि खुर्चीतून सावकाश उठणे, सावकाश बसणे. सगळे मोठ्याने आकडे मोजतात. त्यामुळे श्वास कोंडला जात नाही, हे मला मागाहून कळले. आठवड्यातून एकदोनदा, पाऊण तासाच्या आत आटोपते. शिक्षक असा कोणी नव्हताच. मोहल्लेवाल्यांनीच ते चालवायचे, नगरपालिका शिकवून देते.

ही खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून उठली, तशीच बसली. आजीबाईंनी पाहिले, बोलल्या काही नाहीत.

नंतर डोक्याचा व्यायाम. जागच्या जागी पावले टाकत आकडे मोजायचे आणि तिनाच्या पटीला आकडा न उच्चारता टाळी वाजवायची. मी बँकेत छत्तीस वर्षे आकड्यांत काढली, पण बारालाच फसलो. आजीबाई खुदकन हसल्या. आणि शेजारून टाळ्या ऐकू येत होत्या, अचूक! ही तोंडातल्या तोंडात 'तीन सक अठरा, तीन साते एकवीस' करीत होती. तिसापर्यंत एकही चूक नाही. एवढ्यात माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले. टाळ्या वाजवायच्या म्हणजे खुर्ची सुटलेली! दोन वर्षांत मी तिला कशालाही न धरता एका पायावर क्षणभरही उभी राहिलेली पाहिली नव्हती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने लगेच खुर्ची धरली असती.

चहाच्या वेळी एक खुर्ची रिकामी दिसली. आजीबाईंनी तिथूनच फोन लावला आणि पलीकडच्या कोणाला तरी चांगलेच फैलावर घेतले. मुलाने हळूच भाषांतर केले, "सर्दी झाली म्हणे. आजी म्हणतात, नाकाने कसरत करायची नव्हती."

पुण्याला परतल्यावर हिने जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या आणि पाव पाव किलो तांदूळ भरले. सोमवार-गुरुवार आमच्या दिवाणखान्यात सहा बायका जमतात. मला चहाचे काम आहे. गुडघे अजून कुरकुरतात, जिना उतरताना हात कठड्यावर असतोच. गेल्या गुरुवारी तळमजल्यावरच्या काकू आल्या नाहीत. मी फोन शोधतोय तोवर ही चपला घालून दारात. "अहो, तुम्ही आधण ठेवा. मी बघून येते."

तीन मजले उतरून ती गेली. वर येताना दोघींचा आवाज जिन्यात घुमत होता.