दुधाच्या दाढेची राखण

मुलांच्या वेड्यावाकड्या दातांबद्दल पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: तारा कधी लावायच्या? कल्याण-डोंबिवलीत तो मूल सात वर्षांचं होताच विचारला जातो, कधी त्याही आधी. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी येतो, बहुतेक वेळा मुलीसाठी, आणि त्यामागे तिच्या लग्नाची काळजी असते. माझं काम तारांच्या बरंच आधी सुरू होतं. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि पुढे वैशाखरे-मोरोशीपर्यंतच्या शाळांमध्ये मुलांची तोंडं तपासताना माझं एक मत पक्कं झालं आहे. इथल्या कितीतरी मुलांच्या दातांची ठेवण बिघडायला सुरुवात होते ती एका किडलेल्या दुधाच्या दाढेपासून, आणि ती दाढ वाचवता आली असती.

दुधाचे दात वीस. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते सगळे आलेले असतात. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडायला लागतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की दुधाच्या दाढाही आता जाणारच. तसं नसतं. दर बाजूला वर-खाली दोन-दोन दुधाच्या दाढा असतात. त्यांतली पुढची नऊ ते अकरा आणि मागची दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. सहाव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून चार-पाच वर्षं घास चावायचे असतात आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागाही सांभाळायची असते.

याच सुमारास सर्वांत मागे आणखी एक दाढ उगवते. तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कुणाला कळत नाही. ती कायमची दाढ असते. पुन्हा येत नाही. पण मोरोशीच्या आईला तसं सांगितलं की ती माझ्याकडे अविश्वासाने बघते. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात कायमची दाढ कशी? ही सहा वर्षांची दाढ उगवल्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांतच किडताना मी पाहते, कारण तिच्यावरच्या खाचा खोल असतात आणि शेजारची दुधाची दाढ आधीच किडलेली असते.

एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. गालावर सूज, डोळे रडून लाल. “दुधाचीच दाढ हाय मॅडम, पडायचीच हाय. काढून टाका. दोन राती झोपलेलं नाय पोरगं.” त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांचा दिवसाचा रोज बुडाला होता, परतीची एसटी गाठायची होती आणि मुलाची कळ थांबवणं हे त्या घडीचं खरं काम होतं. त्या दाढेची मुळंही गळून गेली होती. मी ती काढली. पण काढण्याआधी त्यांना आरसा धरून मागची नवी पांढरी दाढ दाखवली. “ताई, ही आता पुढे सरकायला बघेल. ती सरकू नये म्हणून काहीतरी बसवावं लागेल. पुढच्या आठवड्यात या.” त्या आल्या, आणि याचं श्रेय त्यांच्या गावच्या आशाताईला आहे.

दाढ काढल्यावर काय होतं, ते एकदा नीट सांगितलं की पालकांना पटतं. रिकाम्या जागेत मागची दाढ पुढे झुकते, पुढचे दात मागे येतात. हे सरकणं पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतं. मग दहाव्या-अकराव्या वर्षी उपदाढ वर यायला निघते तेव्हा तिला वाट उरलेली नसते. ती जिभेकडे किंवा गालाकडे निघते, नाहीतर हाडातच अडकते. वरच्या जबड्यात सर्वांत शेवटी येणाऱ्यांपैकी एक म्हणजे सुळा. त्याला जागा कमी पडली की तो ओठाखाली उंचावर दिसू लागतो. दातावर दात आला, मूल भाग्यवान, असं घरचे म्हणतात. त्या सुळ्याच्या कडेला अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि ब्रश पोचत नाही.

निसर्गाने खरं तर थोडी जागा शिल्लक ठेवलेली असते. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. हेज नान्स या अमेरिकी दंततज्ज्ञाने १९४७ साली हा हिशेब मांडला: खालच्या जबड्यात दर बाजूला सुमारे १.७ मिलिमीटर, वरच्या जबड्यात सुमारे ०.९ मिलिमीटर. ऐकायला ही जागा किरकोळ वाटते. पण खालच्या पुढच्या दातांची थोडी गर्दी असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून जवळपास साडेतीन मिलिमीटर पुष्कळ होतात. दाढ किडून तिचा कोपरा तुटला तरी ही शिल्लक खर्च व्हायला लागते. त्यासाठी दाढ काढावीच लागते असं नाही. म्हणून दुधाच्या दाढेत सिमेंट भरणं, नस खराब झाली असेल तर तिच्यावर उपचार करणं आणि वर स्टीलची टोपी बसवणं हीदेखील दातांची ठेवण सुधारण्याची ट्रीटमेंट आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या दाढेवरची ती चकाकणारी टोपी पाहून नातेवाईक हळहळतात. मला ती पाहून समाधान वाटतं.

दाढ गेलीच, तर जागा राखणारं साधन बसवतात. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. गालावर सूज घेऊन आलेल्या त्या सात वर्षांच्या मुलाला बसवलं ते सर्वांत साधं होतं. मागच्या दाढेभोवती स्टीलचा पट्टा आणि त्याला डागलेला तारेचा फास, ज्याचं टोक पुढच्या दाताला टेकतं. माप घ्यायचं, ते कल्याणच्या लॅबला पाठवायचं, तयार होऊन आलं की सिमेंटने चिकटवायचं. इंजेक्शन नाही, भूल नाही. मूल दोन दिवस जिभेने त्या तारेला चाळवत राहतं आणि मग विसरतं. खालून उपदाढ डोकावली की ते काढून टाकायचं.

आता किडण्याबद्दल. इथली जुनी न्याहारी म्हणजे नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. आता पाड्यावरच्या लहानशा दुकानातही पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा टांगलेला असतो आणि मजुरीला जाणारी आई तोच मुलाच्या हातात देते. मी तिला रागावत नाही. बिस्कीट जेवणाबरोबर दे, दिवसभर चघळायला देऊ नको, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नको, एवढंच सांगते. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. मिश्री मात्र मुलाच्या बोटाला लागता कामा नये. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि आजीचं पाहून नात ती लावायला शिकते.

वीज आणि खुर्ची नसलेल्या ठिकाणीही बरंच करता येतं. १९८० च्या दशकात टांझानियात एका पद्धतीची सुरुवात झाली. तिच्यात आता कीड हाताच्या हत्यारांनी खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं. आश्रमशाळेच्या ओट्यावर, बाकावर मुलाला आडवं करून हे करता येतं. सहा वर्षांच्या दाढेच्या खाचाही तशाच बुजवता येतात. सिल्व्हर डायमीन फ्लोराइडचा थेंब लावला तर कीड थांबू शकते. किडलेला भाग काळा पडतो, हे आईला आधी दाखवून सांगावं लागतं.

आणि बऱ्याच बाबतींत काहीही करायचं नसतं. खालचे नवे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मागे उगवतात, दोन रांगा दिसतात आणि आई घाबरून धावत येते. दुधाचा दात हलत असेल तर तो पडू द्यावा; जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे आणते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन मोठ्या दातांत फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. ब्रॉडबेंट या अमेरिकी दंततज्ज्ञाने १९३७ साली या अवस्थेला कुरूप बदकपिल्लाची अवस्था म्हटलं. सुळे आले की बहुतेकदा ही फट आपोआप मिटते. या वयात ती तारेने जवळ आणायचा हट्ट धरला तर सुळ्याच्या वाटेत असलेल्या बाजूच्या दातांच्या मुळांना इजा होऊ शकते. शहरांत या वयाच्या मुलांना तारा लावण्याची घाई वाढली आहे आणि ती मला खटकते. वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर लवकर, दोन टप्प्यांत उपचार केले तर शेवटी काय हाती लागतं, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला आहे. २०१८ मधल्या त्या आढाव्याचा निष्कर्ष असा की पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. बाकी परिणाम किशोरवयात एकदाच केलेल्या उपचाराएवढाच. त्यामुळे दात खूप पुढे असलेलं, झाडावर चढणारं, पडणारं-धडपडणारं मूल असेल तर मी लवकर हात घालते. इतरांना थांबायला सांगते.

मात्र काही गोष्टी थांबत नाहीत. मूल सात वर्षांचं होईपर्यंत एकदा दंतव्यंगतज्ज्ञाला दाखवा, असं अमेरिकेतील दंतव्यंगतज्ज्ञांची संघटना सांगते, ते यासाठीच. मी मुलाला जिभेचं टोक टाळूवर मागे लावायला सांगते आणि हळूच दाढांवर दाढा टेकवायला सांगते. काही मुलांची हनुवटी शेवटच्या क्षणी एका बाजूला सरकते. वरचा जबडा अरुंद असतो, दाढा उलट्या बसतात आणि मूल सोय म्हणून जबडा वळवून घेतं. हे तसंच राहिलं तर चेहरा वाढताना वाकडा वाढू शकतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत टाळूची हाडं रुंद करणं सोपं असतं, नंतर अवघड होत जातं. खालचा जबडा पुढे असेल तर त्याचीही वेळ हीच. वरचा एखादाच पटाशीचा दात खालच्या दातांच्या आत अडकला असेल, तो अजून पूर्ण उतरला नसेल आणि त्याला जागा असेल, तर लाकडी चपटी काडी त्याच्या मागे धरून मुलाने ती रोज ठराविक वेळ दाबायची, एवढ्यानेही तो पुढे येऊ शकतो. पण हे डॉक्टरांनी शिकवल्यावर आणि आईच्या नजरेसमोरच. तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल असेल तर नाक-घशाच्या डॉक्टरकडे आधी पाठवते. अंगठा चोखणं चार वर्षांपर्यंत मी मनावर घेत नाही. त्यानंतरही चालू असेल तर गोडीने सोडवावं लागतं. तिखट लावून किंवा मारून नाही.

हे सगळं बघणार कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. दातांचे आजार आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेतच. पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाची सहा वर्षांची दाढ बघा आणि दाढा टेकवताना हनुवटी सरकते का बघा, एवढी भर त्यात पडावी असं मला मनापासून वाटतं. टॉर्च पुरे. शिकवलं तर आश्रमशाळेच्या बाईही हे करू शकतात.

खरी अडचण वेगळीच आहे. दिवाळी झाली की इथली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या उपचाराला दर महिन्याला यावं लागतं, तो त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून त्यांच्या मुलांना मी काढता-घालता येणारी प्लेट देत नाही. ती भट्टीवर हरवते किंवा मोडते. चिकटवलेला पट्टाच देते आणि दिवाळीआधी सगळ्यांचं सिमेंट तपासून घेते. गंमत अशी की भट्टीपासून दातांचा दवाखाना टोकावड्यापेक्षा जवळ असतो. म्हणून मुलाच्या कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देते: कोणत्या दाढेवर पट्टा आहे, तो कधी बसवला, सैल झाला तर ओढायचा नाही, गिळला जाऊ नये म्हणून जवळच्या दवाखान्यात लगेच काढून घ्यायचा, आणि निघालेला पट्टा फेकून न देता पुडीत बांधून गावी परत आणायचा.