आष्टेकराची शिडाची होडी

आष्ट्यापासून समुद्र तसा दूर. मध्ये सह्याद्री उभा. आमच्या घराण्यात गूळ, हळद आणि भुसाराचा व्यापार. पाण्याशी संबंध आला तो मळ्यातल्या विहिरीपुरता आणि कृष्णेच्या पुरापुरता. पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो, एवढेच माझे जलज्ञान. असा मनुष्य बँकेतून निवृत्त झाल्यावर शिडाची होडी हाकायला शिकतो आहे, हे कळल्यावर पेठेतील काही स्नेह्यांनी काळजीने माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

कारण २०१९ च्या महापुरात आहे. त्या वर्षी ८ ऑगस्टला कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे, गावकऱ्यांना पुरातून बाहेर नेणारी होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. गाव आमच्या शेजारच्याच तालुक्यातले. पूर ओसरला, पंचनामे झाले. पण होडी उलटते म्हणजे नेमके काय होते, आणि उलटल्यावर माणसाने काय करायचे असते, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुरातल्या होडीला शीड नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु होडी समजून घ्यायची तर तिच्या अंगाला हात लावून शिकावे, असे ठरवले. मुलगी मुंबईत असते. गिरगाव चौपाटीजवळ नवशिक्यांना शिकवतात, असे तिनेच शोधून काढले. पावसाळ्यात तेथे शिडे उतरवून ठेवतात, म्हणून दिवाळीनंतर गेलो.

पहिला धडा होडी चालवण्याचा असेल, अशी माझी समजूत. तो निघाला होडी उलटवण्याचा! नातवाच्या वयाच्या शिक्षकाने जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मांडीखालून जाणारा पट्टाही तपासला आणि म्हणाला, “काका, आता एका बाजूला झुका.” क्षणात शीड पाण्यावर आडवे, आणि मी खाऱ्या पाण्यात. किनारा जवळ दिसत होता. हात आपोआप तिकडे वळले. त्याने ओरडून थांबवले. होडी सोडायची नाही, हा पहिला नियम. तिच्या पोटात हवेचे बंद कप्पे असतात. ती उलटते, पण बुडत नाही. शिवाय पाण्यात एकटे डोके लांबून दिसत नाही, होडी दिसते. मग तळातून बाहेर आलेल्या फळीवर सगळे वजन टाकायचे आणि वाट पाहायची. डोलकाठी पाण्यातून हळूहळू सुटते आणि एकाएकी होडी उभी राहते. मला हे चौथ्या खेपेला जमले. त्या दिवशी एवढेच शिकवले. रात्री खांदे ठणकत होते, पण झोप मात्र गाढ लागली.

वाऱ्याचे गणित पुढे आले. दुपारी जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि समुद्रावरून वारा आत येतो. म्हणजे किनाऱ्यावरून बाहेर निघायचे ते वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची होडी थेट वाऱ्याकडे जाऊच शकत नाही. त्याच्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी वळणे घेत पुढे सरकते. वळताना शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून फिरतो, तेव्हा मान खाली घालायची. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. चाळीस वर्षे स्कूटर चालवलेल्या हाताला हे पटायला आठवडा लागला. आणि भीती वाटली, तर शिडाची दोरी सैल सोडायची. शीड नुसते फडफडते, त्यातला वारा निघून जातो, होडी सावरते. होडी कलू लागली की दोघांनी एकाच बाजूला धावायचे नाही, हेही तेथेच अंगवळणी पडले. सूर्यास्तापूर्वी परतण्याचा त्यांचा नियम होता, त्यामुळे माझ्या जेवणाच्या वेळेचाही प्रश्न उरला नाही.

एका पेठकऱ्याने विचारले, “यात सुटते काय?” त्यांना मी सांगितले, की घाटमाथ्यावरचा माल पूर्वी अणुस्कुऱ्याच्या वाटेने राजापूर बंदरात उतरे आणि तेथून शिडाच्या गलबतांत चढे. आपल्या वाडवडिलांचा नफातोटाही याच वाऱ्यावर अवलंबून होता. गृहस्थांचे फारसे समाधान झाले नाही.

नौदलातील दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, वाटेत चार मुक्काम करून, १९ मे २०१० रोजी एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. पूर्वी हे वर्तमानपत्रात वाचून पान उलटले असते. आता वाऱ्याच्या तोंडावर दोनशे वाव जाण्यात दुपार घालवल्यावर नकाशावर त्यांचा मार्ग बोटाने गिरवत बसलो.

परत येताना सहा जॅकेटे विकत घेतली. दुकानाच्या माळ्यावर, हळदीच्या पोत्यांना न लागता, ती खुंटीला टांगलेली असतात. मेअखेरीस भावकीतल्या मुलांना बोलावून घालायला लावतो. मुले हसतात, मांडीखालचा पट्टा सोडून देतात. मग मी तो स्वतः आवळतो.