ब्राउन्सी बेटावरचे आठ दिवस

तुमच्या शाळेत स्काउट-गाइडचं पथक आहे ना? गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी, ‘खरी कमाई’साठी मांडलेलं भेळेचं दुकान आणि शिबिरातली शेकोटी तुमच्या ओळखीची असेल. पण ही गंमत मुळात सुरू कुठं झाली, ठाऊक आहे? चला, आज तिथंच जाऊ या!

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘पूल’ नावाचं बंदर आहे. (आपला नदीवरचा पूल नव्हे हं!) तिथून छोट्या बोटीत बसलं की थोड्याच वेळात ब्राउन्सी बेट येतं. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. धक्क्याजवळ एक जुना किल्लेवजा वाडा, पुढं पाइनची दाट झाडी. वर पाहा, ती तांबूस खार! अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींमुळे इंग्लंडच्या बहुतेक भागांतून तांबड्या खारी नाहीशा झाल्या. या बेटाला मात्र पाण्यानं राखलं.

झाडीतून चालत दक्षिण किनाऱ्याकडे गेलात की एक मोठा दगड दिसेल. १९६७ साली तो इथं बसवला. याच परिसरात १ ते ८ ऑगस्ट १९०७ या दिवसांत जगातलं पहिलं स्काउट शिबिर भरलं होतं.

शिबिराचे प्रमुख होते रॉबर्ट बेडन-पॉवेल. ते सैन्यातले अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग गावाला १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस शत्रूचा वेढा पडला, तेव्हा गावाचा बचाव त्यांच्याकडे होता. तिथं काही गोऱ्या मुलांचं एक पथक निरोप पोचवण्याची कामं करी. मुलांवर विश्वास टाकला तर ती जबाबदारीनं वागतात, हे त्यांनी पाहिलं. मात्र त्याच वेढ्यात तिथल्या आफ्रिकी लोकांच्या वाट्याला अन्न फार कमी आलं, त्यांची उपासमार झाली. हेही आपण विसरू नये.

ब्राउन्सीला सुमारे वीस मुलं जमली. त्यांतली निम्मी ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, श्रीमंत घरांची. उरलेली बोर्नमथ आणि पूल गावांतली, साध्या कामकरी घरांची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी मुलं एकमेकांशी फारशी बोलतही नसत! शिबिराची फीसुद्धा ऐपतीप्रमाणे होती : श्रीमंतांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग.

मग बेडन-पॉवेल यांनी काय केलं? मुलांची सरमिसळ करून चार संघ पाडले : लांडगे, बैल, कुरव पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येक संघाला एक संघनायक आणि खांद्यावर आपापल्या रंगाची लोकरीची फीत. आता तुम्ही कुणाचे कोण हे महत्त्वाचं नाही, तुम्ही लांडगे की बैल एवढंच!

सकाळी कुडू हरणाच्या लांब शिंगाचा आवाज घुमला की उठायचं. मग व्यायाम, माग काढणं, गाठी मारणं, बुडणाऱ्याला वाचवणं. दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती. (ही सक्ती आपल्याला चालेल, नाही का?) रात्री शेकोटीभोवती गोष्टी. रोज रात्री एक संघ पहाऱ्यावर जाई. शिधा बरोबर न्यायचा, स्वयंपाक स्वतः करायचा आणि पहारेकरी नेमायचे.

पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक भागाभागांनी निघालं. मुलांनी ते वाचलं आणि कुणी सांगायची वाट न पाहता गावोगावी आपणच पथकं काढली!

आपल्याकडे १९०९ साली बंगलोरला पहिलं पथक निघालं. पण ते गोऱ्या मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात प्रवेशच नव्हता! ज्या चळवळीनं श्रीमंत-गरीब एका तंबूत झोपवले, तिनंच इथं दार लावून घेतलं. मग आपल्या माणसांनी स्वतःचं दार उघडलं. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ साली शहाजहानपूरला मुलांचं पथक उभारलं. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय स्काउट संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, त्या सुमारास भारतीय मुलांवरची बंदी उठली. तरी संघटना वेगवेगळ्याच राहिल्या. अखेर स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्र संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाइड मुलीही तिच्यात सामील झाल्या.

बरं का, ब्राउन्सीचंही दार मधली कित्येक वर्षं बंद होतं. १९२७ मध्ये बेट विकत घेणाऱ्या बाईंना माणसांची वर्दळ नको होती. त्यांच्या निधनानंतर, १९६३ साली ते सर्वांसाठी खुलं झालं.

तेव्हा पुढच्या शिबिराला जाल, तेव्हा नेहमीच्या मित्राशेजारीच सतरंजी टाकू नका. ज्याच्याशी वर्षभर कधी बोलला नाहीत, त्याच्या शेजारी टाका. ब्राउन्सीच्या त्या आठ दिवसांत मुलांनी हेच तर केलं होतं. मग, करून पाहाल ना?